उताराची वजाबाकी

“ते यंत्र उतार आधीच वजा करून आकडा देतं, हे त्याला समोर बसवून नीट सांग. नाहीतर तो सवयीने पुन्हा वजा करेल,” असं बाबाचे जुने मित्र डेसकाका मला म्हणाले होते, शिकारीत अंतर मोजायच्या त्या यंत्राबद्दल. मी हसले होते. कडेवर माझी तान्ही नेल किंचाळत होती, खांद्यावर दुधाचा ओला डाग होता, आणि मी म्हणाले होते की काका, आता बाबाला मी नेम शिकवू का? डेसकाका हसले नाहीत. त्यांनी टोपी उलटी करून मांडीवर ठेवली, तिच्यात बघत थोडा वेळ बसले आणि चहा न संपवता उठले. चहा न संपवता उठणं हा त्यांचा स्वभाव नव्हे. हे सगळं मी पाहिलं होतं. मला सगळं दिसतं. नेलच्या श्वासातली बारीक घरघर मला दुसऱ्या खोलीतून ऐकू येते. पण दिसलेल्या गोष्टीचं वजन किती धरायचं हे मात्र मला ऐन वेळी ठरवता येत नाही.

आज सकाळी हॅग्ली पार्कात बाबागाडी ढकलत चालले होते. गवतावर दहिवर पांढरं गोठलेलं, ओकची पानं कुजून चिकट झालेली, नेल टोपीत हरवलेली आणि खोकणारी. गोल्फच्या मैदानाच्या कडेला एक माणूस उभा होता आणि त्याने डोळ्याला काहीतरी लावून ते आमच्याकडे रोखलं. पिवळ्या पट्टीचं, मुठीत मावणारं, बाबाकडे आहे अगदी तेच. माझं अंग आपोआप बाबागाडीच्या पुढे गेलं. दोन्ही हात पसरलेले, जणू मी कोणाला दारात अडवते आहे. त्या माणसाने यंत्र खाली घेतलं, ओशाळून हात हलवला. बाई, तुमच्यामागच्या झेंड्याचं अंतर मोजतोय, म्हणाला. मी मागे पाहिलं. होता झेंडा. मग जे विचारायचं काहीच कारण नव्हतं ते मी विचारलं: हे उतार धरून सांगतं की नुसतं अंतर? त्याने माझ्याकडे, मग मैदानाकडे पाहिलं. “या शहरात उतार आहेच कुठे?” म्हणाला आणि चेंडूकडे वळला. खरंच होतं त्याचं. ख्राइस्टचर्च ताटासारखं सपाट आहे. सपाट जागी दोन्ही आकडे एकच येतात, म्हणून सपाट जागी राहणाऱ्यांना हा प्रश्न पडत नाही. मी घरी आले आणि बाबाला फोन लावला. लागला नाही. लागणारच नव्हता. तो आहे त्या खोऱ्यात फोन लागत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, तरी मी लावत होते.

उतार म्हणजे काय हे मला बाबानेच शिकवलं, शिडीवर. लोकर कातरायच्या शेडला शिडी लावून त्याने मला वर चढवलं आणि हातात दोरी दिली, दोरीच्या टोकाला नटबोल्टातला नट. सोड खाली, म्हणाला. नट डोलत डोलत जमिनीवर टेकला, तिथे त्याने बुटाच्या टाचेने खूण केली. मग शिडीच्या पायापासून त्या खुणेपर्यंत मला चालायला लावलं. अगदी थोडीच पावलं. आणि शिडी केवढी लांब. “तू शिडी चढलीस काय, उतरलीस काय, खालचं अंतर तेवढंच ना?” म्हणाला. “गोळीला शिडी कळत नाही. तिला हे खालचं कळतं. तेवढ्याच अंतरापुरती पृथ्वी तिला खाली ओढते.” म्हणून डोंगरावर वरच्या जनावरावर नेम धरा की कड्यावरून खालच्यावर धरा, डोळ्याला दिसणाऱ्या अंतराला फसायचं नाही, ते शिडीचं अंतर. त्या अंतराला साजेसा उंच नेम धरला तर गोळी पाठीवरून जाते. धरायचं थोडं खालीच, चढाला आणि उताराला दोन्हीकडे. नव्या पोरांना वाटतं वरच्यासाठी जास्त वर धरावं, गोळीला चढायचंय ना. बाबा त्यांना हसत नसे. फक्त म्हणायचा, शिडी आण रे.

पुढे मी डनेडिनला जमीन मोजणी शिकले. पहिल्याच वर्षी उतारावर साखळीने मोजलेलं अंतर आडव्या अंतरात कसं आणायचं हे फळ्यावर आलं तेव्हा मी वही न उघडता बसले होते. सुट्टीत घरी जाऊन मी त्याला त्याच्या शिडीचं नाव सांगितलं, कोनाची ज्या-कोज्या वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि फार छान म्हणाला. आता वाटतं, त्याने तेव्हाही माझ्यासाठी थोडं खालीच धरलं होतं. माझा उत्साह शिडीइतका लांब होता, आणि त्याला खालचं अंतर ठाऊक होतं. आम्ही दोघं एकमेकांशी असंच बोलत आलो. आई होती तोवर ती मधे बसून दोघांचे आकडे उघड करून टाकायची: अगं, त्याचा गुडघा दुखतोय, तो सांगणार नाही, अरे, तिला नोकरी आवडत नाहीये, ती सांगणार नाही. आई गेली आणि आम्ही दोघं राहिलो, दोघंही सवयीने कमी करून सांगणारे आणि समोरच्याने कमी केलं असेल असं धरून ऐकणारे.

यंत्र मी त्याला वाढदिवसाला दिलं. त्याची नजर आधीसारखी राहिली नव्हती, कड्यापलीकडचा ताहर, तो डोंगरी रानबोकड, किती लांब आहे हे त्याला आता नुसतं बघून सांगता येत नव्हतं, आणि ते त्याने मला नव्हे, डेसकाकांना सांगितलं होतं. दुकानातल्या माणसाने विचारलं, उतार धरून आकडा हवा की सरळ? मला आनंद झाला. मीच म्हटलं, धरून. स्वयंपाकघरात नेलला मांडीवर घेऊन मी बटणं दाबून तसं बसवलं, खिडकीतून शेजारच्या धुराड्यावर रोखून पाहिलं. आकडा लाल, स्वच्छ. वाटलं की शिडी, दोरी, नट आणि टाचेची खूण सगळं या एका मुठीत आलं, आणि ते मी त्याला परत देते आहे. डेसकाका त्याच दुपारी आले होते. त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं आणि मग ते बोलले, जे मी वर लिहिलं.

मी बाबाला सांगितलं नाही असं नाही. फोनवर सांगितलं. नेलला तेव्हा दिवसभर पोटदुखी असायची, फोन कानाखांद्यात धरून मी येरझारा घालत होते, आणि त्या आवाजातून मी म्हटलं की बाबा, ते उतार आपणच धरतं बरं का, तुला काही करायला नको. तो म्हणाला, हो हो, तू जा, पोर रडतेय. पुन्हा म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, ज्याने मला शिडीवर चढवलं त्याला किती वेळा सांगू, त्याला लागेल. आणि त्याला वाटलं, पोरीला झोप नाही, तिला काय पुन्हा विचारू. हे त्याने मला कधी सांगितलेलं नाही. पण मला ते माहीत आहे, जसं मला नेल उठणार आहे हे ती उठायच्या आधी माहीत असतं.

गेल्या जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन थंडीत, तो गॉडली नदीच्या खोऱ्यात वरच्या अंगाला गेला, एकटाच. ताहर नर त्या दिवसांत पूर्ण आयाळीत असतात. वाऱ्यात ती पिवळट आयाळ उडते आणि एरवी बोकडासारखं दिसणारं ते जनावर सिंहासारखं वाटतं. दुपारी तो एका धारेवर पालथा पडला होता आणि खाली, खूप खाली, घसरड्या दगडांच्या टोकाशी एक म्हातारा नर उभा होता. बाबाने यंत्र डोळ्याला लावलं. आकडा आला तीनशेवीस मीटर. डोळ्याला अंतर चारशेच्या पुढे दिसत होतं. पण डोळ्यांवर त्याचा आता विश्वास उरला नव्हता आणि यंत्र लेकीने दिलेलं होतं. त्याने तीनशेवीस हीच शिडीची लांबी धरली. मग जन्मभर केलं तेच केलं: उतार केवढा उभा आहे ते पाहिलं, आणि तीनशेवीसातून उताराचं वजा केलं. नेम अडीचशेचा धरला. यंत्राने एकदा वजा केलं होतं, बाबाने दुसऱ्यांदा. गोळी वीतभर खाली गेली. फऱ्यामागे लागायची ती पुढच्या पायाला लागली. नर बसला, उठला आणि तीन पायांवर कड्याच्या आडोशाला गेला.

आमच्याकडे जखमी जनावर सोडून कोणी परत येत नाही. त्याला कायदा नाही, पण सोडून आलेला माणूस आमच्या फेअरली गावच्या पबमध्ये आपला ग्लास स्वतःच उचलून दूरच्या टेबलावर जातो, कोणी सांगावं लागत नाही. बाबा त्या दगडांतून खाली उतरला. गुडघ्यासकट. अंधार पडेपर्यंत रक्ताच्या थेंबांमागे गेला, मग एका झुकत्या खडकाखाली बसून राहिला. पहाटे बर्फ पडलं आणि रक्त झाकलं गेलं. तरी तो दुपारपर्यंत शोधत होता. परत आला तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. ती काढावी लागली. नर सापडला नाही.

तिमारूच्या इस्पितळात मी नेलला घेऊन गेले तेव्हा तो पांढऱ्या चादरीखाली फार लहान दिसत होता. डेसकाका खुर्चीत होते, पायाशी संत्र्यांची पिशवी. मग बाबाने छताकडे पाहत विचारलं, “ते उतार धरून सांगतं का गं?” मी म्हटलं, “हो बाबा. मी सांगितलं होतं ना तुला.” खरंच सांगितलं होतं. तो म्हणाला, “मग माझंच चुकलं,” आणि नेलकडे हात पुढे केला. डेसकाका उठून संत्रं सोलायला खिडकीशी गेले, पाठ करून. त्यांना सगळं ठाऊक होतं, आणि त्यांनी ते तिथे उच्चारलं नाही. ते एक वाक्य मी गिळलं असतं तर काय बिघडलं असतं? “हो” एवढंच पुरलं असतं. त्याच्या वाट्याला आलेल्या उतारावरून मी त्याला अजून थोडं खाली ढकललं, आणि त्याने तेही आपल्यातून वजा करून घेतलं.

बोटांचं त्याला काही नव्हतं. लोकर कातरणाऱ्या अर्ध्या गड्यांचं कुठलं ना कुठलं बोट कमीच असतं, असं तो नर्सला म्हणाला. तो नर त्याच्या डोक्यातून जाईना. घरी आल्यावर त्याने बंदूक तेल लावून कपाटात ठेवली, किल्ली डेसकाकांकडे दिली. यंत्र मात्र खिडकीशी असतं. त्यातून तो समोरच्या टेकडीवरच्या मेंढ्यांचं अंतर मोजत बसतो असं डेसकाका सांगतात. आधी डोळ्याने अंदाज करतो, मग यंत्रात बघतो, मग मान हलवतो.

आमच्याकडे डोंगरात जाणारा माणूस निघताना कोणाला तरी दोन गोष्टी सांगून जातो: कुठलं खोरं, आणि घाबरायची वेळ. म्हणजे या वेळेपर्यंत आलो नाही तर घाबरा, पोलिसांना कळवा. त्याआधी घाबरू नका. आईकडे ती वेळ असायची. ती ओट्याशी उभी राहून बटाटे सोलायची आणि घड्याळाकडे एकदाही बघायची नाही, वेळ टळेपर्यंत. आई गेल्यावर ती वेळ माझ्याकडे आली आणि पहिल्याच हिवाळ्यात मी ती मोडली. अर्धा दिवस आधीच फोन केला. हेलिकॉप्टर गेलं. बाबा झोपडीच्या दारात सॉसेज तळत होता. पबमध्ये त्याला वर्षभर “साहेब” म्हणत होते; साहेब, आज विमानाने आलात का पायी? तो हसायचा. पण तेव्हापासून त्याने मला वेळ सांगताना एक दिवस वाढवून सांगायला सुरुवात केली. हे मला डेसकाकांनी फोडलं. मग मी त्याच्या सांगितलेल्या वेळेतून एक दिवस मनात कमी करू लागले, आणि त्या कमी केलेल्या वेळेपासून घाबरायला लागायचे, फोन मात्र करायचे नाही. गेल्या जूनमध्ये तेवढं एकदाच मी ठरवलं होतं की नाही, या खेपेला कमी करायचं नाही, त्याने सांगितलेला आकडा म्हणजे आकडा. तो खडकाखाली बसला होता तेव्हा मी नेलला दूध पाजत होते आणि कितीतरी महिन्यांनी शांत झोपले.

गेल्या गुरुवारी त्याचा फोन आला. कोणीतरी मेंढपाळाने वरच्या खोऱ्यात एक लंगडा नर पाहिला होता, पुढचा पाय उचलून चालणारा. बाबा म्हणाला, बघून येतो फक्त, बंदूक नेत नाही. बंदूक नाही तर बघून काय करणार, मी विचारलं. “जगतोय का ते बघेन,” म्हणाला. “खातोय का, कळपात घेतलाय का त्याला.” मागे त्याच्या किटलीची शिट्टी वाजत होती आणि तो ती काढत नव्हता. मी म्हटलं, बाबा, पाय. तो म्हणाला, आठ बोटं म्हणजे पुष्कळ झाली. मी म्हटलं, घाबरायची वेळ? तो म्हणाला, मंगळवार दुपार.

मला विचारायचं होतं: हा आकडा उतार धरून, की न धरता? तू माझ्यासाठी एक दिवस वाढवलायस का, बाबा? की गेल्या वर्षीनंतर तू वाढवणं सोडून दिलंस? की मी कमी करते हे तुला कळलंय आणि तू दोन वाढवलेस? प्रश्न अगदी साधा होता, दुकानातल्या माणसाने विचारावा तसा. मी विचारला नाही, त्याला लागेल म्हणून. आणि त्याने आपणहून सांगितलं नाही, मला घोर लागेल म्हणून. आम्ही दोघांनी फोन ठेवला.

आज सोमवार आहे. काल वर बर्फ पडलं, तिकडे जाणाऱ्या बर्क्स पासच्या घाटाचा रस्ता सकाळी चाकांना साखळ्या लावूनच, असं रेडिओवर सांगत होते. खरा दिवस काल होता, आज आहे की उद्या, मला ठाऊक नाही. जॉन्टी, माझा नवरा, मासेमारीच्या ट्रॉलरवर आहे, आठवडाअखेरपर्यंत समुद्रात. नेलला ताप आहे. मगाशी डोक्यावर हात ठेवला तर मऊ गरम, पावासारखं. तिला गाडीत घालून त्या घाटात नेता येत नाही, आणि ठेवून जाता येत नाही. डेसकाकांना फोन केला. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, ते तिमारूत बहिणीकडे पडून आहेत. त्यांनाही मंगळवारच सांगितलाय. “पण तो मला खरा वार कशाला सांगेल?” ते म्हणाले. “मी तुला सांगतो हे त्या गाढवाला ठाऊक आहे.” मग म्हणाले, पोलिसांना कळव हवं तर. मग म्हणाले, पण सॉसेज तळत असला तर. दोघंही हसलो, आणि हसणं संपल्यावर त्यांचा श्वास फोनमध्ये ऐकू येत राहिला. मला माहीत आहे की तो हेलिकॉप्टर सहन करेल. साहेब म्हणवून घेईल, हसेल, मला चकार शब्द बोलणार नाही. आणि पुढच्या वेळी वेळच सांगणार नाही. तीच भीती आहे. त्याच्याकडून मला येणारा तो एक आकडा उरला आहे, खोटा असला तरी.

म्हणून हे लिहिते आहे. खिडकीत नेलचे कपडे वाळत नाहीत, ती झोपेत खोकते, मी लिहिते. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला राहत असेल, किंवा आज टेकापोच्या तळ्याकडे निघणार असेल, तर तळ्याच्या उजव्या अंगाने जो मातीचा रस्ता वर गॉडलीच्या खोऱ्यात जातो त्याने शेवटपर्यंत जा. कुंपणाची फाटकं लागतील, उघडल्यावर मागे लावा. रस्ता संपतो तिथे विलोच्या झाडांखाली त्याची फिक्या हिरव्या रंगाची गाडी असते, एका काचेला चिकटपट्टी. वायपर बघा. डोंगरात जाताना तो ते काचेवरून उचलून उभे करून ठेवतो, गोठू नयेत म्हणून. परत आला की आधी ते खाली करतो. उभे असतील आणि काचेवरच्या बर्फाला कोणी हात लावलेला नसेल, तर थांबू नका, लगेच कळवा, मला आणि पोलिसांनाही; मग साहेब तर साहेब. गाडी तिथे नसेल तर फेअरलीच्या अलीकडे, निळ्या पत्र्याच्या शेडच्या घरी जा. शिडी बाहेरच टेकलेली दिसेल. दार वाजवा. मी पाठवलंय असं सांगू नका. रस्ता चुकलो म्हणा, चहा मागा, तो देईल. पाय कसा टाकतो ते बघा. तो नर दिसला का, हे त्याला विचारा, आणि त्याला बोलू द्या. काय म्हणाला ते मला सांगा. जसं म्हणाला तसंच सांगा. मला लागेल म्हणून त्यातलं काही कमी करू नका. मीही करणार नाही.